तळघरातल्या पाइपाला आलेला घाम

एकोणीसशे एकाहत्तर सालच्या डिसेंबरात आमच्या तळघरातल्या पाइपाला घाम फुटला. हे वाक्य मी आजवर ज्या ज्या माणसाला सांगितलं, त्यानं आधी माझ्याकडे आणि मग माझ्या बायकोकडे बघितलं. म्हणून आधीच सांगून ठेवतो, की मी शाळेत शास्त्र शिकवत होतो. सातवीला 'हवेतील बाष्प' हा पाठ मी सलग अकरा वर्षं शिकवला होता. टेबलावर गार पाण्याचा पेला ठेवायचा, बाहेरून थेंब धरले की विचारायचं, सांगा, हे पाणी कुठून आलं? दरवर्षी मागच्या बाकावरून उत्तर यायचं, "पेला गळका हाय सर." आणि दरवर्षी मी हसायचो. त्या हसण्याची सगळी फेड मी त्या एका आठवड्यात केली.

लढाई सुरू झाली तीन तारखेला. पाच तारखेच्या रविवारी गल्लीतल्या महिला मंडळाची सभा आमच्या ओसरीवर भरली आणि ठरलं, की जवानांना कडक भाकरी पाठवायची. बाकीच्या गावच्या बायका लाडू पाठवतील, चिवडा पाठवतील, पाठवू देत बिचाऱ्या. पण महिनाभर टिकणारी, न विटणारी, नुसत्या शेंगाचटणीबरोबर पोट भरणारी वस्तू फक्त सोलापूरकडे आहे, याबद्दल सभेत दुमत नव्हतं. आकडा ठरला दीड हजार. चौदा तारखेला मदतीच्या सामानाचा डबा स्टेशनवरून निघणार होता. मंडळाची चिटणीस माझी बायको रुक्मिणी, आणि भाकरी साठवायची जागा आमचं तळघर. ही दुसरी गोष्ट मला सभा संपल्यावर कपबशा विसळताना कळली.

घर भाड्याचं होतं. आमच्या आधी तिथं एक सूत रंगवणारा राहायचा. त्यानं रंगाच्या कुंडांसाठी गच्चीवरच्या लोखंडी टाकीतून एक जाड पाइप थेट तळघरात उतरवला होता. तो छताखालून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाऊन एका तोटीशी संपायचा. रंगारी गेला, कुंडं गेली, पाइप तेवढा राहिला. रस्त्याच्या अंगाला जमिनीलगत दोन झरोके होते आणि त्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांची पावलं दिसायची. उन्हाळ्यात मी खाली बसून पेपर तपासायचो आणि पावलांवरून माणसं ओळखायचो. असं गार, कोरडं, निवांत तळघर मला नंतर कुठल्याच घरात मिळालं नाही. आता मी राहतो त्या फ्लॅटच्या खाली स्कुटरी लावतात.

भाकरीची मुख्य अर्थातच नागव्वा. ती आमच्या समोर दोन खोल्यांत राहायची. नवरा लवकर गेला, तेव्हापासून कडक भाकरी विकून तिनं एकुलत्या मल्लप्पाला वाढवलं होतं. मल्लप्पा माझाच विद्यार्थी. गळक्या पेल्याचं उत्तर एका वर्षी त्यानंच दिलं होतं. आता तो फौजेत होता, आणि महिनाभर त्याचं पत्र नव्हतं. कुठल्या सरहद्दीवर आहे तेही कुणाला माहीत नव्हतं. नागव्वा त्याबद्दल एक अक्षर बोलायची नाही. तिचं बोलणं सगळं भाकरीबद्दल.

तळघर पसंत करायला ती जाडं मीठ घेऊन आली. चार कोपऱ्यांत चार कागदांवर चिमूटचिमूट मीठ ठेवून गेली आणि दुसऱ्या दिवशी येऊन बोटांत चुरून बघितलं. मीठ कोरडं खडखडीत होतं. "चालतंय," ती म्हणाली. मी तिला म्हटलं, की हवेतली आर्द्रता मोजायला शाळेत यंत्र आहे, आणून देतो. तिनं मिठाचे कागद घडी करून कनवटीला लावले आणि विचारलं, "तुमचं यंत्र आमटीत घालता येतंय का मास्तर?"

भाकरी पारखायची तिची रीतही ठरलेली. भाकरी कानाशी धरायची आणि कडेचा तुकडा मोडायचा. कट्ट असा आवाज आला तर पास. आवाज दबका आला, की ती भाकरी घरच्यांना. पहिल्याच दिवशी रुक्मिणी तिला म्हणाली, "अहो नागव्वा, दीड हजारात दोनचार वातड निघाल्या तर काय बिघडलं? ते काय तिथं कान लावून बसणार आहेत?"

नागव्वा पीठ मळायची थांबली नाही. "कुठली भाकरी मल्लप्पाच्या हातात जाईल ते मला काय ठाव?" ती म्हणाली. "म्हनून समद्याच कडक पायजेत. त्यानं मोडली की त्याला कळतंय, कुनी केली ती."

रुक्मिणीनं पिठाची परात तिच्याकडे सरकवली. तेव्हापासून त्या तळघरात जे काही झालं, ते आम्ही सगळे त्या एका भाकरीसाठी करत होतो. ती कुठली हे कुणालाच माहीत नव्हतं, एवढंच.

आता आमचे शेजारी आबासाहेब. लढाई सुरू झाल्याबरोबर त्यांना गल्लीचे वॉर्डन नेमलं होतं आणि दंडाला पट्टी दिली होती. ती पट्टी ते अंघोळीलाही सोडत नसत, असं त्यांची बायको सांगायची. बायकांना दिवसा घरची कामं, म्हणून भाकरीचं काम पहाटे पाचला सुरू व्हायचं. पहिले दोन दिवस ते आमच्या अंगणात चाललं. तिसऱ्या पहाटे आबासाहेब शिट्टी वाजवत आले. ब्लॅकआउट चालू असताना उघड्यावर आठ स्टो पेटलेले बघून त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसला नाही.

"सर, तुम्ही शिकलेले," ते मला म्हणाले. नागव्वाला किंवा रुक्मिणीला बोलायची त्यांची टाप नव्हती. "वरून हे कसं दिसत असेल? अख्खं सोलापूर दाखवून दिलं तुम्ही त्यांना."

तेव्हा स्टो तळघरात गेले. झरोक्यांतून उजेड दिसतो म्हणून आबासाहेबांनी काळा कागद आणला, आणि तो मी स्वतः चिकटवला. पेठेतल्या मागवाल्यांकडून सुताला लावायची खळ आणली होती. त्या खळीनं चिकटवलेली वस्तू पुन्हा निघत नाही, ही माहिती मला नंतर मिळाली. जिन्याचं दार फक्त उघडं राहिलं. आठ स्टो, आठ तवे, आधणाची दोन पातेली आणि आठ बायका असं सगळं त्या बंद तळघरात बसलं, आणि वर गच्चीवरच्या टाकीत रात्रभर डिसेंबरच्या वाऱ्यात गार पडलेलं पाणी पाइपातून खाली येत राहिलं. सातवीतल्या पोरानंही पुढचं सांगितलं असतं. मला दुसऱ्या दिवशी सकाळी, मानेवर पहिला थेंब पडल्यावर कळलं.

पाइप या टोकापासून त्या टोकापर्यंत थबथबला होता. खाली विटांवर फळ्या टाकून भाकऱ्यांच्या चळती रचल्या होत्या. नागव्वानं वरची एक उचलली, कानाशी नेली आणि मोडली. काहीच ऐकू आलं नाही. तिनं दुसरी मोडली, तिसरी मोडली. मग भाकरी फळीवर ठेवून तिनं वर बघितलं. "एनप्पा इदु," ती म्हणाली, म्हणजे हे काय रे बाबा. फार विचारात पडली की तिला कानडी यायचं.

मी पुढे झालो. अकरा वर्षांची तयारी होती. मी सांगितलं, की घाबरण्याचं कारण नाही, पाइप गळत नाहीये. हे पाणी पाइपातलं नसून हवेतलं आहे. उष्ण, दमट हवा थंड पृष्ठभागाला लागली की तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होतं, आणि या क्रियेला सांद्रीभवन म्हणतात. आठही बायकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हवेतनं पानी येतंय," नागव्वा म्हणाली, "मग नळाला रांगा कशाला लावायच्या?"

"ते सगळं ठीक आहे," रुक्मिणी म्हणाली. "थांबवायचं कसं ते सांगा की."

हा प्रश्न पाठाखालच्या स्वाध्यायात नव्हता. अडचणीचं नाव सांगितलं की अडचण निम्मी दूर होते, अशी माझी समजूत होती. बायकोला ती कधीच नव्हती.

शाळा सुटल्यावर मी नळखात्याच्या कचेरीत गेलो. खिडकीत रामहरी नावाचे कारकून होते. माणूस सज्जन, हातात छापील फॉर्म. "तक्रारीचं स्वरूप सांगा. गळती, फुटणे, कमी दाब, की गढूळ पाणी?"

मी म्हटलं, "घाम."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. मी सांद्रीभवन पुन्हा सांगितलं, पाठीमागच्या रांगेनंही ते ऐकलं. रामहरींनी फॉर्म उलटसुलट करून बघितला. "घामाला रकाना नाही, सर. गळती लिहू का?"

"पण गळत नाही ना तो."

"गळत नाही तर तक्रार काय?"

शेवटी 'इतर' या रकान्यात 'पाइपास घाम येणे' असं त्यांनी लिहिलं आणि माझी सही घेतली. पाहणी कधी होईल विचारल्यावर ते म्हणाले, की सध्या सगळी माणसं लढाईच्या कामावर आहेत. मी म्हटलं, हेही लढाईचंच काम आहे. पाठीमागचा एक माणूस मोठ्यानं हसला. मी त्याला ओळखत नव्हतो, पण त्यानं मला ओळखलं असावं.

पाइपाला हवा लागू द्यायची नाही, हा उपाय मला घरी येताना सायकलवर सुचला. म्हणजे पाइप गुंडाळायचा. कशानं, हा प्रश्न सोलापुरात कुणी विचारत नाही. लग्नात आम्ही चादर देतो, सत्काराला चादर देतो, पाहुण्याला निघताना चादर देतो. आमच्याकडेही पाइपाला चादरच सुचायची. दोन वर्षांपूर्वी शाळेनं माझा जाहीर सत्कार केला होता, तेव्हाची मोरांची लाल चादर मी ट्रंकेत जपून ठेवली होती. रुक्मिणी म्हणाली, जुनेरं वापरा. मी म्हटलं, जवानांच्या भाकरीसाठी आपली सगळ्यात मानाची वस्तू गेली पाहिजे. हे मी स्टुलावर उभा राहून म्हणालो, त्यामुळे ते जरा भाषणासारखं झालं. चादरीच्या पट्ट्या फाडून पाइप या टोकापासून त्या टोकापर्यंत गुंडाळला आणि सुतळीनं आवळला.

शुक्रवारी सकाळी एक थेंब पडला नाही. बायकांनी माझ्यासाठी वेगळा चहा केला. नागव्वानं भाकरी मोडली, कट्ट आवाज आला, आणि ती माझ्याकडे बघून मान हलवून गेली. त्या मान हलवण्यावर मी दिवसभर शाळेत चाललो. हेडमास्तरांनाही सांगितलं.

शनिवारी पाणी परत आलं, आणि या वेळी ते लाल होतं. सुती कापड हवेला अडवत नाही आणि पाणी पीत राहतं, ही गोष्ट माझ्या ध्यानात यायला हवी होती. एक दिवस चादरीनं पोटभर पाणी प्यायलं आणि दुसऱ्या दिवशी सगळं एकदम सोडून दिलं. चाळीस भाकऱ्यांवर गुलाबी ठिपके पडले. नागव्वानं चादरीचं टोक दोन बोटांत चोळलं, बोटं बघितली आणि विचारलं, "ही चादर कुनी दिली म्हनलात?"

"शाळेनं. सत्काराची आहे."

"सोलापूरच्या चादरीचा रंग जात न्हाई मास्तर. ही बाहेरची कुठली तरी स्वस्तातली हाय."

आठ बायकांत आमच्या हेडमास्तरांची बायकोही होती. ती घाईघाईनं स्टोला पंप मारायला लागली. शाळेनं माझी किंमत काय केली होती ते मला त्या दिवशी तळघरात कळलं. सत्काराची भाषणं मला पाठ होती. ती त्यानंतर मी कुणाला म्हणून दाखवली नाहीत.

मग गल्लीभर सल्ले सुरू झाले. आबासाहेब म्हणाले डांबर फासा. नागव्वा म्हणाली डांबराचा वास भाकरीला लागला तर मी एक भाकरी देणार न्हाई. कुणी म्हणालं पाइपाला तेल लावा, कुणी म्हणालं पाइपाखाली पन्हाळी बांधा. मी झरोके उघडायची परवानगी मागितली. आबासाहेबांनी दंडाची पट्टी नीट केली आणि म्हणाले, त्यांच्या हातात नाही, वरून लेखी आणा. त्यांच्या नकळत मी झरोक्यावरचा कागद खरवडून बघितला, तर खळीनं कागद आणि भिंत एक झालेली. माझी नखं गेली, कागद तसाच राहिला.

शेवटी मी टॉवेल घेऊन स्टुलावर उभा राहिलो. पाइप या टोकापासून पुसत जायचा, त्या टोकाला पोचेपर्यंत या टोकाला पुन्हा थेंब. आठ बायका खाली भाकऱ्या थापताहेत आणि एक शास्त्रशिक्षक त्यांच्या डोक्यावर पाइप पुसतोय. कुणी चेष्टा केली नाही. रुक्मिणीनं न बोलता टॉवेल बदलून दिला आणि पिळून वाळत टाकला. आमच्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. ती आणि मी एका कामावर इतका वेळ एकत्र असे त्यापूर्वी कधी नव्हतो. आता ती नाही. त्या सकाळच्या टॉवेलांची दोरी मला अजून दिसते.

रविवारी मडिवाळप्पाला बोलावलं. हा पेठेतला जुना नळकाम करणारा. त्यानं गुडघ्यावर हात ठेवून वर बघितलं आणि म्हणाला, "गळतंय."

मी सांगायला लागलो. त्यानं हात वर केला. "मास्तर, पंचवीस वरसं पाइप बगतोय मी. पाइप गळतंय न्हाईतर गळत न्हाई. घाम गिम काय न्हाई. हा जोडच सोडतो आन् वर बूच मारतो. पाइपात पानीच न्हाई आलं तर काय गळंल? तुमी गच्चीवर जावा, टाकीची चावी बंद करा."

त्याचं निदान चुकलेलं होतं आणि उपाय बरोबर होता. हे असं होऊ शकतं हे मला तेव्हा मान्य करवत नव्हतं, तरी मी गच्चीवर गेलो. चावी गंजलेली. मी जोर लावला, ती फिरली. आणखी फिरवली, आणखी फिरली. अगदी सहज फिरत होती. फिरली म्हणजे बंद झाली असं मी धरलं आणि कठड्यावरून ओरडलो, "बंद."

चावीचे आटे झिजले होते. ती तशीच फिरवत बसलो असतो तर संक्रांतीपर्यंत फिरली असती. रुक्मिणीनं त्या दिवशी पहाटे टाकी काठोकाठ भरून घेतली होती. खाली मडिवाळप्पानं जोड सोडला, आणि अख्खी टाकी तळघरात आली.

मी जिना उतरेपर्यंत घोट्याएवढं पाणी झालं होतं. मडिवाळप्पा भिंतीला पाठ लावून, हातात पाना धरून उभा होता आणि पाणी त्याच्या डोक्यावरून फळ्यांवर उडत होतं. बायकांनी पदर खोचले, जिन्यावर ओळ धरली आणि भाकऱ्यांच्या चळती हातोहात वर न्यायला लागल्या. तोपर्यंत हजारबाराशे भाकऱ्या झाल्या होत्या. तीनशे तरी पाण्यात गेल्या. बाकीच्या सादळल्या.

नागव्वा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती. तिच्या मांडीवर एक भाकरी होती, आणि ती तिला मोडत नव्हती, नुसती हातात धरून होती. मला तोंड लपवायला जागा हवी होती. मी तिला म्हणालो, "नागव्वा, चूक माझी आहे. मी चावी नीट बघितली नाही." मला खरंच रडू येत होतं, आणि तिथं एवढं पाणी असताना ते कुणाला कळलं नसतं तरी मी आवरलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. "हुबं काय ऱ्हायलाय?" ती म्हणाली. "बाजा काढा. ऊन हाय बाहेर."

गल्लीतल्या सगळ्या बाजा रस्त्यावर आल्या. बाजा संपल्यावर पत्रे, सुपं, गच्च्या, एका टांग्याचं टपसुद्धा. सोलापूरचं ऊन डिसेंबरातही ऊनच असतं. सबंध गल्ली भाकऱ्यांनी पांढरी झाली, आणि आबासाहेब पट्टी सावरत धावत आले.

"सर, हे झाका. चादरी टाका वर. एवढे पांढरे गोल वरून सरळ दिसणार."

"दिसू देत की," नागव्वा म्हणाली. "बगून वरनं काय टाकतील? आमटी?"

आबासाहेबांनी एकदा आभाळाकडे बघितलं. मग त्यांनी शिट्टी खिशात घातली आणि दोन दिवस कावळे हाकलायचं काम अंगावर घेतलं. ते त्यांनी फार निष्ठेनं केलं. उन्हातून काढलेली प्रत्येक भाकरी नागव्वानं मंद तव्यावर पुन्हा शेकली. पाण्यात गेलेल्या तीनशेच्या जागी नव्या केल्या, त्याही भर दिवसा, रस्त्यावर, कारण तळघरात आता कुणी पाय ठेवायला तयार नव्हतं. हे सगळं आधीच उन्हात केलं असतं तर पाइपाशी गाठ पडलीच नसती. ही गोष्ट सोमवारी संध्याकाळी रुक्मिणीनं एकदाच बोलून दाखवली. मडिवाळप्पानं वर बूच मारून दिलं आणि पाइपाला पुन्हा कधी घाम आला नाही. "बगा," तो म्हणाला, "गळतच व्हतं की."

चौदा तारखेला पोती हातगाडीवर चढवायच्या आधी नागव्वा प्रत्येक चळतीतली एकेक भाकरी कानाशी धरून मोडत होती. पंधरा चळती, पंधरा आवाज. मी मोजत होतो. सोळा तारखेला लढाई संपली. आमच्या भाकऱ्या तेव्हा कुठल्या स्टेशनात होत्या देव जाणे.

माझ्या तक्रारीचं उत्तर एकोणीसशे त्र्याहत्तरच्या मे महिन्यात आलं. तेव्हा दुष्काळ होता आणि नळाला तीन आठवडे पाण्याचा थेंब नव्हता. पत्रात लिहिलं होतं, 'प्रत्यक्ष पाहणीअंती पाइप पूर्णतः कोरडा आढळला. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.' हे पत्र मी अजून ठेवलं आहे.

पण त्याच्या आधीचं सांगायचं राहिलं. डिसेंबर संपता संपता मल्लप्पाचं खुशालीचं कार्ड आलं, आणि मार्चमध्ये तो रजेवर घरी आला. वाळला होता, काळवंडला होता, आणि माझ्या पाया पडताना अजून सातवीतलाच वाटत होता. नागव्वाच्या खोलीत आम्ही सगळे जमलो. रुक्मिणीला राहवलं नाही. "मल्लप्पा, आमच्या भाकऱ्या मिळाल्या का रे?"

"भाकरी?" तो म्हणाला. "न्हाई बा. भाकरी कुटं आली न्हाई आमच्याकडं."

नागव्वा चुलीपाशी होती. ती वळली नाही.

"आमाला चकल्या आल्या व्हत्या," मल्लप्पा सांगत होता. "कुठल्या तरी लांबच्या बाईनं पाठिवल्या. ही बगा पिशवी, चांगली शिवलीय म्हनून घिऊन आलो." पांढऱ्या मांजरपाटाची पिशवी होती. तिच्यावर जांभळ्या शाईनं पाठवणारीचा पत्ता लिहिला होता, गोल गोल अक्षरांत. ना कानडी, ना तेलुगू. आमच्यापैकी कुणालाच ते वाचता येईना.

"कशा व्हत्या चकल्या?" नागव्वानं विचारलं.

तो हसला. "पार सादळल्या व्हत्या अव्वा. रबरावानी."

"टाकल्या न्हाईत नव्हं?"

"न्हाई. समद्या खाल्ल्या. पोरांनी पिशवीबी झटकली."

नागव्वा हात पुसत आली. पिशवी उलटी करून तिनं शिवण बघितली, बारीक हातटाके होते, आणि मग ती माझ्यापुढं ठेवली. "मास्तर, त्या बाईला एक कार्ड टाका. पोचल्या म्हनून. वाट बगत आसंल."

मी म्हटलं, "नागव्वा, ही लिपी मला येत नाही. पत्ता काय लिहू?"

"चित्र काढल्यावानी काढा. पोरांना पेला काढून दावताय की फळ्यावर."

तेव्हा मी पिशवी गुडघ्यावर ताणून धरली आणि ती गोल अक्षरं एकेक करून कार्डावर काढली. अर्धा तास गेला. मग कार्ड उलटवून विचारलं, की आत काय लिहू, आणि कुठल्या भाषेत.

"मराठीतच लिवा. कुनी तरी वाचून दावंल तिला." नागव्वा माझ्याशेजारी जमिनीवर बसली आणि माझ्या पेनाकडे बघत राहिली. "लिवा, चकल्या पोचल्या. माझ्या पोरानं खाल्ल्या." ती थांबली. "आन् कडक व्हत्या म्हनून लिवा."

मी लिहिलं.